गडाच्या कमरेवरची माणसे : गोनीदांची वाट आणि कादंबरी

(नवी मुंबईतील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

दिवाळीच्या सुमारास हवा निवळली की पनवेल-कामोठ्याच्या गच्च्यांवरून पूर्वेची सगळी रांग ओळखता येते. मागे माथेरानची लांबलचक भिंत, पुढ्यात प्रबळगड, त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका, शेजारी इर्शाळ. गोव्याच्या रस्त्याला लागले की बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळ्याचा अंगठा समोर उभा राहतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. त्याआधी पाच वर्षे, म्हणजे १९६५ मध्ये, या कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांवर मराठीत एक कादंबरी आली होती. तिचे नाव ‘जैत रे जैत’. लेखक गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजेच गोनीदा.

चित्रपटामुळे हे नाव घरोघर पोहोचले. जब्बार पटेलांचा तो चित्रपट १९७७ चा. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, ना. धों. महानोरांची गीते. गाणी आजही कार्यक्रमांतून गायली जातात. मूळ कादंबरी वाचलेली माणसे मात्र कमी भेटतात, आणि त्याच लेखकाचे ‘दुर्गदर्शन’ किंवा ‘दुर्ग भ्रमणगाथा’ हाताळलेली त्याहून कमी. ग्रंथालयांनीही त्यांची वाटणी करून टाकलेली असते. कादंबऱ्या एका कपाटात, किल्ल्यांची पुस्तके प्रवासवर्णनांच्या किंवा इतिहासाच्या कपाटात. आजच्या व्याख्यानाचे म्हणणे एवढेच आहे की ही दोन कपाटे एका माणसाच्या एकाच चालण्यातून भरली आहेत. ती वेगळी ठेवली तर दोन्हीकडचे लेखन अर्धवट वाचले जाते.

गोनीदांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी परतवाड्याला झाला, अमरावती जिल्ह्यात. शाळा सातवीपाशी सुटली. तेराव्या वर्षी घर सोडले ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेण्यासाठी. त्यानंतरची वर्षे अशी गेली की आजच्या आईबापांना ऐकूनच धडकी भरावी. गाडगेमहाराजांच्या सहवासात त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली. वेदान्ताचा अभ्यास केला. नर्मदेची परिक्रमा केली. संघाचे काम केले. पुढे तळेगाव दाभाडे येथे बिऱ्हाड थाटले आणि १९४७ नंतर पूर्ण वेळ लेखणीवर संसार चालवायचा निर्णय घेतला. मराठीत त्या काळी हे धाडसच होते, आजही आहे.

या भटकंतीचा उल्लेख त्यांच्या चरित्रात पार्श्वभूमी म्हणून उरकला जातो. तसे करू नये. गाडगेबाबांचा दिनक्रम आठवून पाहावा. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. बाबा गावात शिरत ते झाडत झाडत. ज्याच्या दारापुढे झाडायचे त्याच्याशी बोलावे लागते, तो कसा बोलतो ते ऐकावे लागते, रात्रीच्या कीर्तनात त्याच्याच शब्दांत त्याला प्रश्न विचारावे लागतात. किशोरवयात अशा माणसामागे फिरलेल्या मुलाचा कान कसा तयार झाला असेल, ते त्याच्या पुस्तकांच्या पानापानावर दिसते.

‘पडघवली’ ही १९५५ ची. कोकणातले एक गाव हळूहळू विसकटत जाते आणि ती सगळी हकिगत अंबूवहिनी सांगते, एक बाई, तिच्या घरच्या बोलीत. लिहिणारा वऱ्हाडात जन्मलेला पुरुष. ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडी अंगाची आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळी वळणाने बोलते. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांची बोली आहे. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’त नर्मदेच्या काठची माणसे आपापल्या लकबीनिशी येतात. एकाच लेखकाने एवढ्या बोली आणि इतक्या निरनिराळ्या भूमी कवेत घेतल्याचे दुसरे उदाहरण मराठीत शोधावे लागेल. बोली कोशातून उचलता येतात, पण त्या तशाच कागदावर पडून राहतात. गोनीदांच्या पात्रांच्या तोंडी त्या चालतात, कारण त्या चालताना ऐकलेल्या आहेत.

आता किल्ल्यांकडे.

मराठीत किल्ल्यांवर लिहिण्याची परंपरा जुनी आहे. चिंतामण गंगाधर गोगट्यांचे ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. इतिहास संशोधकांनी गडांच्या सनावळ्या, वेढे, तहनामे, किल्लेदारांच्या नेमणुका मांडल्या. त्या कामाची थोरवी कमी नाही. पण त्या पुस्तकांत गड एका तारखेला जिंकला जातो, दुसऱ्या तारखेला जातो आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला की त्याची गोष्ट संपते. कर्नाळ्याचेच घ्या. शिवाजी महाराजांनी तो १६५७ च्या सुमारास घेतला, पुरंदरच्या तहात गेला, १६७० मध्ये पुन्हा आला, १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने जिंकला. पुढे काय? पुढे दोनशे वर्षे तिथे कोण राहिले, कोणी पाणी भरले, कोणी मध काढला?

गोनीदांचे किल्ल्यांवरचे लेखन या प्रश्नापाशी सुरू होते. इतिहास त्यांना मुखोद्गत होता. शिवकालावर त्यांनी कादंबऱ्यांची मालिकाच लिहिली: ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’. पण गडावर त्यांच्याबरोबर जाणाऱ्या वाचकाला आधी भेटतो तो गडाच्या कमरेवर राहणारा माणूस. धनगर, कोळी, महादेव कोळी, ठाकर, गडाचा वंशपरंपरागत हवालदार, पुजारी. वाट त्यालाच ठाऊक असते. कुठल्या टाक्याचे पाणी वैशाखातही टिकते, कुठल्या बुरुजाखाली विंचू फार, पावसाळ्यात कोणती नाळ टाळायची, हे त्यालाच विचारावे लागते.

आणि पुन्हा पुन्हा विचारावे लागते. राजगडावर त्यांचा जीव होता हे सर्वश्रुत आहे. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या पसरून बसलेला हा गड एका दिवसात ‘करून’ येणारे आज शेकडो आहेत. पहाटे गुंजवण्याला गाडी लावायची, चोरदरवाज्याने वर, बालेकिल्ला, नेढ्यात बसून छायाचित्र, संध्याकाळी खाली. गोनीदा त्याच गडावर मुक्काम टाकून राहत. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीवर सकाळचे ऊन कसे पडते आणि उतरत्या दुपारी तिथली सावली कुठे सरकते, हे तिथे रात्र काढलेल्यालाच सांगता येते. कॅमेराही ते बाळगत. त्यांनी काढलेली गडांची कृष्णधवल चित्रे पुढे पुस्तकरूपाने आली, आणि साठ-सत्तर वर्षांत काय ढासळले त्याचा ती चित्रे म्हणजे पुरावाच आहेत.

एकेका गडावरच्या या मुक्कामांतूनच एकेक कादंबरी निघाली. राजमाचीवर ‘माचीवरला बुधा’: मुंबईत दिवस काढलेला म्हातारा शहराला विटून आपल्या पूर्वजांच्या माचीवर परततो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या संगतीत राहू लागतो. रायगडच्या अंगाखांद्यावर ‘रानभुली’. राजगडाच्या रानात ‘वाघरू’. पवन मावळात तुंगाच्या हवालदारकीचा अभिमान उराशी धरून जगणारा धोंडी. पवनेवर पुढे धरण झाले, तुंगाच्या पायथ्याशी पाणी आले आणि धोंडीच्या मुलखाचा बराच भाग त्यात गेला. आज तुंगावर उभे राहून खालचे निळे पाणी सुंदर वाटते. ‘पवनाकाठचा धोंडी’ वाचून गेलेल्याला त्या पाण्याखाली काय असावे याचीही कल्पना येते.

कर्नाळ्याला मात्र थोडे जास्त थांबायला हवे, कारण तो आपल्या उंबऱ्यावरचा आहे. अभयारण्याच्या फाटकातून आत शिरले की पहिला अर्धा तास दाट झाडीतला. १९६८ साली जाहीर झालेले हे राज्यातले पहिले पक्षी अभयारण्य, त्यामुळे मोरटाक्याच्या वाटेवर सकाळी माणसांपेक्षा पाखरांचेच आवाज जास्त. पुढे चढ अंगावर येतो. धारेवर आले की करणाई देवीचे ठाणे, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या, दरवाजा, पडक्या वाड्याच्या भिंती. आणि अचानक समोर तो सुळका, शे-सव्वाशे फुटांचा, सरळसोट. बुडाशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आहेत. मान वर करून नीट पाहिले की कातळाच्या पोटाखाली काळसर, अर्धचंद्राकृती लोंबणारे काही दिसते. ती आग्यामोहोळे. आग्या माशी उघड्यावर एकच पोळे बांधते, पण ते हातभर-दोन हातभर रुंद असते. जरा हालचाल झाली की त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर लाट धावल्यासारखी चमक उठते. धूर, अत्तराचा वास, आरडाओरडा यांपैकी काहीही त्यांना चालत नाही. इथे दरवर्षी येणाऱ्या जाणत्या गटप्रमुखांचा पहिला नियम म्हणूनच असतो: सुळक्याखाली आवाज नाही.

‘जैत रे जैत’ची गोष्ट या पोळ्यांभोवती फिरते. भगताचा मुलगा नाग्या. पुण्यवंत व्हायचे, हे त्याचे स्वप्न. लिंगोबाच्या डोंगरावरची माशी त्याच्या डोळ्याला डसते आणि डोळा जातो. जिची पूजा करायची, तिच्याशीच त्याचे वैर सुरू होते. चिंधी नको असलेल्या नवऱ्याशी संसार करायला साफ नकार देते, त्याचे पैसे परत करून मोकळी होते आणि नाग्याच्या डोंगराएवढ्या सूडात आपणहून उतरते. डोंगर जिंकला जातो, पण त्या मोलात चिंधी जाते. कर्नाळा एकदा पाहिल्यावर कळते की यातले काहीच अद्भुत म्हणून रचलेले नाही. सुळका तसाच आहे, माशी तशीच आहे. दोराने तिथपर्यंत उतरून, ओल्या पाल्याचा धूर करून मध काढणारी माणसे होती. त्यांच्या लेखी ते देवाशी चाललेले व्यवहार होते. गिर्यारोहकाच्या भाषेत ज्याला अवघड श्रेणीची चढाई म्हणतात, ती त्या माणसांच्या पोटापाण्याची बाब होती. मार्गदर्शक पुस्तकाला सुळक्याची उंची देता येते. त्या उंचीचा अर्थ तिथल्या माणसाला काय, हे सांगायला कादंबरीच लागली.

गोनीदांवर घ्यायचा तो आक्षेपही इथेच मांडला पाहिजे. त्यांची डोंगरातली माणसे कधी कधी फार निर्मळ होतात. दारिद्र्य, सावकारी, वनखात्याची जाचणूक, दलित-आदिवासींच्या वाट्याला आलेला अपमान या गोष्टी त्यांच्या लेखनात येतात, पण निसर्गाच्या आणि श्रद्धेच्या तेजात काहीशा फिक्या पडतात. ठाकरांची गोष्ट ठाकरांनी लिहिलेली नाही, हेही खरेच. साठच्या दशकाच्या अखेरीपासून दलित साहित्याने मराठीला जी दृष्टी दिली, तिच्यातून पाहिले तर ‘माचीवरला बुधा’तील निसर्गाचे समाधान अपुरे वाटू शकते. तरीही एक गोष्ट त्यांच्या बाजूची राहतेच. त्यांनी या माणसांना गोष्टीच्या मधोमध बसवले, नावानिशी, बोलीनिशी, हट्टानिशी. मराठी वाचकांपैकी कित्येकांना ठाकर नावाची जमात आहे हे प्रथम त्यांच्याकडूनच कळले.

याचे महत्त्व किती, ते १९ जुलै २०२३ च्या रात्री सगळ्या महाराष्ट्राला कळले. इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वस्ती ठाकरांची. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली. चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात. पावसात, चिखलात तासा-दीड तासाची चढण चढून माणसांनी हातांनी माती उपसली. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी मदतीला निघाला आणि चढणीवरच हृदयविकाराने गेला. धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. पण भटक्यांना ती वर्षानुवर्षे ठाऊक होती, कारण इर्शाळचे नेढे पाहायला जाणारी प्रत्येक टोळी तिच्यातूनच वर जाई, तिथेच चहा घेई, तिथूनच वाटाड्या घेई. त्या रात्री खोपोली-पनवेलकडचे गिरिभ्रमण करणारे तरुण आधी पोहोचणाऱ्यांत होते, आणि त्यांना वाट दाखवायला नकाशा लागला नाही.

आज इर्शाळच्या वाटेची माहिती देणारा मजकूर शोधला तर उंची, श्रेणी, वेळ, पाण्याची सोय असे सगळे मिळते. वाडीतल्या लोकांविषयी एक ओळ असते: जेवणाची सोय होऊ शकते. गोनीदांनी गडावर जाण्याची जी रीत घालून दिली, तिच्यात ही एक ओळ कधीच पुरली नसती.

दूर स्कॉटलंडमध्ये नॅन शेफर्ड नावाची एक लेखिका होऊन गेली. तिने आपल्या मुलखातल्या खेड्यांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि केर्नगॉर्म डोंगरांवर ‘द लिव्हिंग माउंटन’ हे छोटेसे पुस्तक. ते लिहून झाले १९४० च्या दशकात, छापले गेले १९७७ मध्ये. शिखर सर करण्यात तिला रस नव्हता, डोंगराच्या आत जाण्यात होता. आयुष्यभर ती त्याच डोंगरांत जात राहिली. गोनीदा आणि शेफर्ड यांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. पण चालणे आणि कादंबरी एकाच मुळाची असू शकते, याचा दुसरा पुरावा म्हणून तिचे नाव घ्यायला हवे. फरक असा की शेफर्डच्या डोंगरांत पाणी, बर्फ, दगड, वारा यांना पहिला मान आहे. सह्याद्रीत तो मान देऊन भागत नाही, कारण इथे जवळजवळ प्रत्येक सपाटीवर कोणाची तरी वस्ती आहे, निदान होती.

गोनीदा निसर्गाचे भाबडे भक्त होते, प्रगतीचे वैरी होते, असेही कोणी समजू नये. भाक्रा-नानगल धरण बांधणाऱ्यांवर त्यांनी ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ लिहिली आणि ती आत्मीयतेने लिहिली. ‘पडघवली’त गाव मोडल्याचे दुःख मांडणारा हाच लेखक नवे काही उभारणाऱ्या मजुराच्या आणि अभियंत्याच्या जिद्दीपुढेही नतमस्तक होतो. या शहरात बसून हे वाचताना त्याचा अर्थ अधिक टोचतो. नवी मुंबई पंचाण्णव गावांच्या जमिनीवर उभी राहिली. विमानतळासाठी उलव्याची नव्वद मीटरहून उंच टेकडी कापून सपाट केली गेली. तिथून विमाने उडू लागली याचा आनंद खराच आहे. पण त्या टेकडीच्या आसपासची गावे हलवली गेली, त्या गावांतल्या एखाद्या अंबूवहिनीची हकिगत कोणी लिहिली का? आगरी-कोळी बोलीत लिहिणारे लेखक आहेत, कवी आहेत. पण एका गावाचे हलणे आतून, घरातल्या बाईच्या तोंडून सांगणारी ‘पडघवली’च्या तोलाची कादंबरी या भूमीला हवी आहे, आणि ती इथल्याच कोणी लिहावी.

मानसन्मान त्यांना मिळाले. ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात्मक कादंबरीला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९८१ च्या अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, म्हणजे जन्मभूमी असलेल्या वऱ्हाडातच. १ जून १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या वीणा देव यांनी ‘आशक मस्त फकीर’ हे त्यांचे चरित्र लिहिले आणि कुटुंबीयांसह त्यांच्या कादंबऱ्यांची अभिवाचने गावोगाव केली. बोलींवर उभ्या असलेल्या या कादंबऱ्या कानांनी ऐकल्यावर अधिक खुलतात, म्हणून हे काम मोलाचे ठरले. दुर्गप्रेमींनी त्यांच्या नावाने दुर्ग साहित्य संमेलन सुरू केले, आणि त्यातले पहिले भरले ते राजमाचीवर.

राजमाची आपल्याला सोयीची आहे. लोकलने कर्जत गाठावे, कोंदिवड्याहून चालायला लागावे. वाटेत कोंढाण्याची बौद्ध लेणी लागतात, तिथे अर्धा तास बसावे. पुढचा चढ छातीवरचा आहे, आणि भर पावसात निसरडा, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने तो दिवाळीनंतरच धरावा. पाणी खालूनच भरून घ्यावे. वर उधेवाडीत पोहोचल्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले त्याच दिवशी उरकायची घाई करू नये. ‘माचीवरला बुधा’ जेमतेम एका रात्रीत वाचून होणारी कादंबरी आहे. ती पिशवीत असू द्यावी, वाडीतच मुक्काम करावा, आणि सकाळी किल्ल्यावर जाण्यापूर्वी ज्याच्या घरी राहिलात त्याला त्याच्या आजाची शेती कुठल्या अंगाला होती ते विचारावे.